वारा तेवढाच, आवाज कमी

शाळेच्या संगणक कक्षातले वीस संगणक एकदम सुरू केले की खोलीभर एक अखंड घूंघूं भरून राहते. थोड्या वेळाने कान तिला सरावतात, पण मागच्या रांगेतल्या मुलापर्यंत पोचण्यासाठी शिक्षकांना आवाज चढवावा लागतो आणि तास संपेपर्यंत घसा बसू लागतो. हा आवाज येतो कोठून? चिपमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडझाप करतात, पण त्या कामाचा आवाज आपल्याला येत नाही. ऐकू येतो तो पंख्यांचा. वीज पुरवणाऱ्या डब्यात एक पंखा, मुख्य प्रोसेसरवर एक, पेटीच्या मागे एखादा, आणि खेळांसाठी किंवा चित्रकामासाठी घेतलेला संगणक असेल तर पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर आणखी एक. या चौघांत शेवटचा पंखा बराच काळ आकाराने सर्वांत लहान होता, आणि आवाजाने बहुधा सर्वांत मोठा.

या लेखात आपण त्या शेवटच्या पंख्याची हकीकत पाहणार आहोत. २००० नंतरच्या काही वर्षांत देशोदेशीच्या संगणक-शौकिनांनी कारखान्यातून आलेला हा पंखा स्क्रू काढून बाजूला ठेवला आणि त्या जागी शांत पंखा बसवला. वरवर पाहता हा हौशी माणसांचा उद्योग वाटेल. पण त्यात ध्वनी आणि उष्णता यांचे पाठ्यपुस्तकातले नियम जसे कामाला येतात तसे क्वचितच कोठे येत असतील. शिवाय हे काम आधी गिऱ्हाइकांनी केले आणि कारखानदार ते मागाहून शिकले, म्हणूनही ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

वीज आत, उष्णता बाहेर

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत जाते. या बाबतीत तो आणि इस्त्री सारखेच. इस्त्रीला उष्णता हवी असते, संगणकाला नको असते, इतकाच फरक. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेला आणि १९४६ साली लोकांपुढे आलेला ‘एनियाक’ हा संगणक सुमारे १८,००० निर्वात नळ्यांवर चाले आणि दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खाई. घरगुती ७५० वॅटच्या दोनशे इस्त्र्या एका खोलीत पेटवून ठेवल्यासारखेच हे होते. ती उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठे झोतपंखे बसवावे लागले. म्हणजे पंख्याची सोबत इलेक्ट्रॉनिक संगणकाला जन्मापासूनची आहे. (जाता जाता एक गंमत. यांत्रिक संगणकाची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज गोंगाटाचे हाडवैरी होते. लंडनच्या रस्त्यावर वाद्ये वाजवणाऱ्यांविरुद्ध त्यांनी इतकी वर्षे झगडा मांडला की १८६४ साली त्यासाठी कायदा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.)

ट्रान्झिस्टर आला, चिप आली, संगणक टेबलावर मावू लागला आणि त्याची वीजही कमी झाली. तेव्हा पंखा नको म्हणणारे पहिले ठळक नाव स्टीव्ह जॉब्ज यांचे. १९७७ साली आलेल्या ‘ॲपल २’ मध्ये पंखा नव्हता. पंखा नको तर मुळात उष्णताच कमी व्हायला हवी, म्हणून रॉड होल्ट या अभियंत्याने त्यासाठी कमी तापणारा ‘स्विचिंग’ पद्धतीचा वीजपुरवठा तयार केला. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्येही पंखा नव्हता. तळाच्या फटींतून थंड हवा शिरे आणि माथ्याच्या फटींतून गरम हवा बाहेर पडे. चुलीच्या धुराड्याचे हेच तत्त्व आहे. याउलट १९८१ च्या आयबीएम पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता, पण त्यात पंखा होता, आणि तो वाजत असे.

पंखा नसलेल्या ॲपलचे मालक सुखी होते का? सगळे नव्हते. यंत्रात जादा कार्डे खोचली की ते तापे, म्हणून केन्सिंग्टन कंपनीने ‘सिस्टिम सेव्हर’ नावाचा, कडेला अडकवायचा पंखा विकायला काढला आणि लोकांनी तो घेतला. पुढे १९८७ च्या ‘मॅकिंटॉश एसई’ मध्ये ॲपलने स्वतःच पंखा घातला, तोही पिंपाच्या आकाराचा, कर्कश. तक्रारी आल्या आणि नंतरच्या यंत्रांत पात्यांचा शांत पंखा आला. मूळचा पंखा काढून दुसरा बसवण्याची चाल निदान इतकी जुनी आहे.

१९९३ च्या पेंटियम प्रोसेसरपासून गोष्ट बदलली. पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट उष्णता देई. आकडा लहान दिसतो, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचे सोल्डरिंगचे छोटे हत्यार २५ वॅटचे असते, हे लक्षात घ्यावे. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेतून इतकी उष्णता निघणार असेल तर नुसती हवा लागून भागत नाही. चिपवर ॲल्युमिनियमचा, कंगव्यासारख्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवायचा आणि त्यावर पंखा, ही जोडी तेव्हापासून घरोघरच्या संगणकांत रूढ झाली.

वीस मिलिमीटरची कैद

ग्राफिक्स कार्ड या वाटेवर पाच-सहा वर्षे मागे होते. १९९६ साली आलेल्या ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीच्या ‘व्हूडू’ कार्डावरच्या चिपा उघड्याच असत. त्यांच्यावर ठोकळा नसे, पंखाही नसे. १९९९ च्या ‘जीफोर्स २५६’ वर मात्र छोटा पंखा फिरू लागला. त्या चिपमध्ये दोन कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टर होते. २००१ च्या ‘जीफोर्स ३’ मध्ये ही संख्या ५ कोटी ७० लाख झाली आणि २००३ साली बाजारात आलेल्या ‘जीफोर्स एफएक्स ५८००’ मध्ये साडेबारा कोटी. ट्रान्झिस्टर वाढले, त्यांची गती वाढली, आणि उष्णताही.

मग पंखा मोठा का केला नाही? उत्तर कार्डे खोचण्याच्या खाचांत आहे. संगणकाच्या मुख्य पाटीवर दोन शेजारच्या खाचांमधले अंतर ठरलेले असते: ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर. ग्राफिक्स कार्डाने आपल्या खाचेपुरतेच राहायचे, शेजाऱ्याची जागा अडवायची नाही, असा शिरस्ता होता. या वीस मिलिमीटरांत कार्ड, धातूचा ठोकळा आणि पंखा असे तिन्ही बसवायचे. साहजिकच पंखा ४० मिलिमीटर रुंदीचा आणि जेमतेम १० मिलिमीटर जाडीचा निघे. उभ्या पेटीत तर कार्ड आडवे लोंबते आणि त्याची चिप जमिनीकडे तोंड करून असते. गरम हवेला वर जायचे असते, पण वर कार्डाचेच छप्पर. आणखी एक अडचण अशी की पंख्याच्या मधोमध मोटरची टोपी असते आणि तिच्या बरोबर खाली वारा जवळपास लागत नाही. चिप नेमकी तिथेच.

या सगळ्यावर कारखान्यांनी शोधलेला उपाय सर्वांत स्वस्त होता. पंखा लहान आहे ना, मग तो जोरात फिरवा! मिनिटाला पाच-सहा हजार फेरे.

आवाजाचे गणित

येथे थोडे थांबून पंखा वाजतो का हे पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमाने आली आणि त्यांचा आवाज हा गंभीर प्रश्न झाला. ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली वाहत्या हवेतून ध्वनी कसा उपजतो याचे गणित मांडले. मोकळ्या हवेत सुटलेल्या झोताच्या ध्वनीची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते, असा त्यांचा धक्कादायक निष्कर्ष होता. १९५५ साली न्यूबी कर्ल यांनी त्यात पुढची भर घातली: प्रवाहात घन पृष्ठभाग असेल, पंख्याचे पाते समजा, तर हा घात सहावा असतो. पंख्याच्या कारखान्यांत व्यवहारासाठी पाचवा घात धरतात. म्हणजे पंख्याचा वेग दुप्पट केला की ध्वनीची शक्ती ३२ पट होते, आणि डेसिबेलच्या भाषेत १५ डेसिबेलांची वाढ होते. दर १० डेसिबेलांना आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, हे आपण शिकवतोच.

आता पंख्याचे आणखी दोन नियम घेऊ. एकाच घडणीच्या पंख्यांत मिनिटाला वाहणारी हवा फेऱ्यांच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंखा हवेवर जो दाब देऊ शकतो तो फेऱ्यांचा वर्ग गुणिले व्यासाचा वर्ग या प्रमाणात असतो. व्यास दुप्पट केला की आवाज सुमारे २१ डेसिबेल वाढतो. एवढ्यावर फळ्यावर करण्यासारखे एक उदाहरण होते. ४० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ५६०० फेरे घेतो. त्या जागी ८० मिलिमीटरचा बसवला तर तेवढीच हवा देण्यासाठी त्याने किती फिरावे? व्यास दुप्पट, घन आठपट, म्हणून फेरे एक अष्टमांश: ७००. आवाज व्यासामुळे २१ डेसिबेल वाढला, पण वेग तीनदा निम्मा झाल्यामुळे तीनदा १५, म्हणजे ४५ डेसिबेल उतरला. एकूण २४ डेसिबेलांची घट. वारा तेवढाच, आणि ध्वनीची शक्ती सुमारे अडीचशेपट कमी.

लाभ एवढ्यावर थांबत नाही. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ५६०० वेळा फिरला तर पात्यांच्या गतीमुळे सुमारे ६५० हर्ट्झचा सूर निघतो. त्याला आपला कान चांगलाच तिखट असतो. ७०० फेऱ्यांना हाच सूर ८२ हर्ट्झवर येतो. खालच्या पट्टीतले आवाज कानाला फिके लागतात, हे बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. छोट्या पंख्याची चिरचिर आणि मोठ्याची हलकी गुणगुण यांत जो फरक जाणवतो तो असा दुहेरी आहे.

पटवून द्यायला आपल्या डोक्यावरच उदाहरण फिरत असते. छताचा १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेऊन २०० घनमीटरांहून अधिक हवा हलवतो. टेबलावरचा ४०० मिलिमीटरचा पंखा तेरा-चौदाशे फेरे घेतो, वारा त्याहून बराच कमी देतो आणि वाजतो मात्र जास्त. मोबाइलवर आवाज मोजण्याचे साधन उतरवून घेऊन, तीन वेगांचा टेबलपंखा मुलांकडून मोजून घेता येईल. मोबाइलचे आकडे काटेकोर नसतात, पण दोन वेगांतला फरक दाखवायला पुरतात.

मग यात मेख कुठे आहे? दाबात. वरच्या उदाहरणात फेरे एक अष्टमांश झाले, व्यास दुप्पट झाला. दाब उरला एक सोळांश. मोठा, संथ पंखा हवा भरपूर देतो, पण ती दाट पट्ट्यांच्या फटींतून रेटण्याचा जोर त्याच्यात नसतो. म्हणून जुन्या ठोकळ्यावर नुसता मोठा पंखा ठेवून काम होत नाही. ठोकळाही बदलावा लागतो: मोठा, विरळ पट्ट्यांचा, पसरलेला. शांततेची किंमत जागेत आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या वजनात मोजावी लागते, आणि कारखानदार वाचवत होते ते नेमके हेच.

केर काढणारे कार्ड

२००२ च्या नोव्हेंबरात ‘एनव्हिडिया’ कंपनीने ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ जाहीर केले. दुकानांत ते २००३ च्या सुरुवातीला आले. ‘एटीआय’ या प्रतिस्पर्ध्याचे ‘रेडिऑन ९७०० प्रो’ आधीच्या ऑगस्टमध्ये येऊन गाजत होते आणि त्याला मागे टाकण्यासाठी एनव्हिडियाने चिपची गती ५०० मेगाहर्ट्झपर्यंत ताणली होती. उष्णता इतकी झाली की कार्डाला वेगळी वीजतार लागली आणि शेजारची खाचही व्यापावी लागली. जागा दुप्पट मिळाली, तरी तिचा उपयोग मोठ्या पंख्यासाठी झाला नाही. एक छोटा, वेगवान झोतपंखा बाहेरची हवा खेचून बोगद्यातून नेई आणि गरम करून परत बाहेर फेकी. खेळ सुरू झाला की तो असा किंचाळे की अमेरिकेत लोकांनी त्याला ‘डस्टबस्टर’ म्हणायला सुरुवात केली. हे तिकडे हाताने केर ओढण्याच्या एका यंत्राचे नाव आहे. एनव्हिडियाच्याच माणसांनी पुढे या आवाजाची टिंगल करणारी चित्रफीत तयार केली, यावरून काय ते समजावे. २००३ च्या मे महिन्यात कंपनीने ‘५९००’ मालिका आणली आणि ‘५८०० अल्ट्रा’ थोड्याच दिवसांत मागे पडले.

आमच्या मते या प्रसंगाने एक गोष्ट साध्य केली. तोवर कार्डांची तुलना फक्त वेगावर होई. यापुढे परीक्षक आवाजही मोजू लागले आणि गिऱ्हाईकही तो विचारू लागले.

पंखा बदलणारे लोक

या बाजारपेठेत कार्ड न बनवणारे, फक्त थंड करण्याची साधने बनवणारे लहान कारखाने शिरले. दक्षिण कोरियाच्या ‘झालमन’ने २००२ साली पंखाच नसलेले साधन आणले. कार्डाच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या मोठ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी ‘उष्णतानळी’, एवढीच त्याची रचना.

ही उष्णतानळी वर्गात सांगण्यासारखी आहे. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून घेतलेली, आणि थोडेसे पाणी. दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळते. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे पाणी होऊन उष्णता सोडते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, परत येते. बाष्पीभवनाच्या सुप्त उष्णतेमुळे ही नळी तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता वाहून नेते. हिचे पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४४ साली मिळवले होते, पण तेव्हा कुणाला तिची गरज भासली नाही. १९६३ साली लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती पुन्हा स्वतंत्रपणे शोधली, तीही अवकाशयानांसाठी. चाळीस वर्षांनी ती खेळाच्या कार्डावर येऊन बसली.

स्वित्झर्लंडच्या ‘आर्क्टिक कूलिंग’चा ‘व्हीजीए सायलेन्सर’ याच सुमारास आला. त्याने शेजारची खाच व्यापली, पण संथ, मोठा पंखा बसवण्यासाठी. आणि गरम हवा पेटीबाहेर टाकली. ‘एफएक्स’च्या कार्डाने जे मोठ्या आवाजात केले तेच याने हळू केले. २००५ साली ऑस्ट्रियात ‘नॉक्टुआ’ ही पंख्यांची कंपनी निघाली. ‘नॉक्टुआ’ हे लॅटिनमध्ये छोट्या घुबडाचे नाव. आपल्याकडच्या पिंगळ्याचा तो युरोपातला भाऊबंद, आणि कंपनीच्या बोधचिन्हातही घुबडच आहे. घुबडे निःशब्द कशी उडतात याचा अभ्यास ब्रिटनमध्ये आर. आर. ग्रॅहम यांनी १९३४ सालीच केला होता. पिसांची कंगव्यासारखी पुढची कड, मागच्या कडेची झालर आणि मऊ पृष्ठभाग ही तीन कारणे त्यांनी सांगितली. पंख्याच्या पात्यांना खाचा आणि कडा देण्यामागे हाच विचार असतो.

प्रत्यक्ष काम कसे चाले? कार्ड बाहेर काढायचे, जुना पंखा त्याच्या ठोकळ्यासकट सोडवायचा, चिपवरचा सुकलेला लेप स्पिरिटने पुसायचा. मग नव्या लेपाचा अगदी पातळ थर. हा लेप डिंक नव्हे. धातू आणि चिप कितीही गुळगुळीत दिसले तरी दोघांच्या मध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा असते. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजारपट चांगले उष्णतावाहक आहे, म्हणून ती हवा हाकलायची. अधिक लेप लावला तर तोच अडसर होतो. शेवटी स्क्रू आवळायचे, तेही समोरासमोरचे, थोडे थोडे, सायकलच्या चाकाचे आरे ताणतात तसे. ग्राफिक्सची चिप उघडी असते, एक कोपरा जास्त दाबला गेला की तिची कड उडते आणि कार्ड कायमचे जाते. मूळ पंखा काढताच बहुतेक कार्डांची हमी संपे, हा धोका वेगळाच. महिना-दोन महिन्यांचा पगार घालून घेतलेले कार्ड हातात घेऊन हे करायला धीर लागे.

ज्यांना इतका खटाटोप नको ते पंख्याचा वेगच उतरवत. संगणकाच्या वीजतारांत पिवळी १२ व्होल्टची आणि तांबडी ५ व्होल्टची असते. पंखा या दोघींच्या मध्ये जोडला की त्याला ७ व्होल्ट मिळतात. वेग साठ टक्क्यांवर येतो आणि वरच्या नियमाने आवाज ११ डेसिबेलांनी उतरतो. युक्ती चतुर होती, पण विजेच्या दृष्टीने निर्दोष नव्हती. पंख्यात शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या वाटेवर जातात. मुलांना हिचे गणित सांगावे, करायला देऊ नये. २००४ च्या सुमारास इंटेलने चार तारांच्या पंख्याची पद्धत रूढ केली. तिच्यात वीज सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद करून वेग ठरवतात. ही वारंवारता मुद्दाम निवडलेली आहे. माणसाचा कान २०,००० हर्ट्झच्या पुढे ऐकत नाही.

पंखा शांत करताना आपल्याकडे एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. समजा, चिपला ८५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही. युरोपातली खोली २५ अंशांची, म्हणजे उष्णतेला वाहायला ६० अंशांचा उतार मिळतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बिनवातानुकूल खोली ४५ अंशांना टेकली की उतार उरतो ४० अंशांचा. त्याच साधनाने तेवढीच उष्णता वाहून जाणार नाही. दीडपट चांगले साधन लागेल, नाहीतर पंखा जोरात फिरवावा लागेल. परदेशी परीक्षणात ‘शांत’ ठरलेला पंखा इथे पावसाळ्यात शांत आणि उन्हाळ्यात अपुरा, असे होऊ शकते. त्यात धूळ. पट्ट्यांच्या फटी धुळीने बुजल्या की संथ पंख्याचा दाब आधी हार मानतो. लॅमिंग्टन रोडवर नवा पंखा शोधायला जाण्याआधी जुना रंगकामाच्या कोरड्या ब्रशने झाडून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे. पुष्कळदा आवाजाचे कारण फक्त धूळ किंवा बेअरिंगमधले सुकलेले तेल असते.

कारखान्यांनी गिरवलेला धडा

कारखाने एका दमात शिकले नाहीत. २०१० चे ‘जीफोर्स जीटीएक्स ४८०’ सुमारे तीनशे कोटी ट्रान्झिस्टरांचे आणि २५० वॅटचे होते. ते तापेही आणि वाजेही. २०१३ च्या ‘रेडिऑन आर९ २९०एक्स’ ची चिप ९५ अंशांवर चालवायची असेच ठरवले होते आणि तरीही त्याचा मूळचा झोतपंखा कानाला नकोसा होई. मात्र तोपर्यंत एक फरक पडला होता. चिप एका कंपनीची आणि कार्ड दुसरीचे, अशी या धंद्याची रचना असल्यामुळे कार्ड बनवणाऱ्या कंपन्या आपापले दोन-तीन मोठे पंखे आणि उष्णतानळ्या बसवून तीच चिप शांतपणे चालवून दाखवत होत्या. हौशी लोक जे स्क्रू-ड्रायव्हरने करत ते आता खोक्यातूनच मिळू लागले. २०१४ च्या सुमारास हलके काम असताना पंखे पूर्ण थांबवणारी कार्डे आली. २०१८ साली एनव्हिडियाने स्वतःच्या ‘आरटीएक्स २०८०’ कार्डावर झोतपंखा सोडून दोन रुंद पंखे लावले. आणि २०२१ साली ‘आसुस’ने ‘आरटीएक्स ३०७०’ चे एक कार्ड चक्क नॉक्टुआचे दोन पंखे लावून कारखान्यातूनच विकले. त्याने चार खाचांहून अधिक जागा अडवली. वीस मिलिमीटरच्या शिरस्त्याचे काय झाले, ते यावरून दिसते. २०२५ चे ‘आरटीएक्स ५०९०’ ५७५ वॅटपर्यंत वीज घेते, म्हणजे इस्त्रीच्या जवळ पोचले. पण पूर्ण भारावरही ते २००३ च्या त्या कार्डासारखे किंचाळत नाही.

आता पुन्हा आपल्या संगणक कक्षाकडे पाहू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रातली दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल आहे. एका संगणकाचा आवाज ३५ डेसिबेल धरला, तर वीस संगणकांचा ढोबळमानाने १३ डेसिबेलांनी वाढून ४८ होतो. म्हणजे रस्त्यासाठी घातलेल्या मर्यादेशी खोलीतली यंत्रेच जवळजवळ येऊन ठेपतात, बोलणे सुरू होण्याआधीच. प्रत्येक यंत्र ५ डेसिबेलांनी शांत केले तर बेरीजही ५ ने उतरते. मात्र वीसपैकी दहा यंत्रे बंद ठेवली तरी फक्त ३ ने. पंखे झाडून, तेल सुकलेले बदलून मिळणारा लाभ कमी समजू नये.

लहान पंखा मात्र नाहीसा झालेला नाही. मोठमोठ्या माहिती-केंद्रांत संगणक कपाटांत थप्पीने रचतात आणि एका थराची ठरलेली उंची असते १.७५ इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. तिथे ४० मिलिमीटरचा पंखाच मावतो, आणि तो मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेतो. माणसांनी तिथे बसून काम करायचे नसते, म्हणून चालते. दुरुस्तीला जाणारे तंत्रज्ञ कानाला बोंडे लावून आत शिरतात.